शिकवायचं तर मुक्काम हवा

परदेशी गेलेल्या संगीतशिक्षकाने दोन-चार कार्यक्रम केले की देवाणघेवाण झाली, असं काही जण म्हणतात. मला अजिबात पटत नाही. कार्यक्रमाला दाद मिळते, पण दरबारी रागातला आंदोलित, म्हणजे हळुवार झुलणारा गंधार (ग हा स्वर) गुरूसमोर बसल्याशिवाय गळ्यात उतरत नाही. स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपीत, तो नुसता ठिपका दिसतो. विद्यार्थी तो सरळ लावतो आणि राग हरवतो. सरोदवादक अली अकबर खाँ १९५५ मध्ये व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांच्या निमंत्रणावरून अमेरिकेत वादनाला गेले, पण मुळं धरली ती १९६७ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियात संगीताचं कॉलेज काढलं तेव्हा. पुढे चाळीसहून जास्त वर्षं तिथे शिकवलं त्यांनी! आणि हो, जाणाऱ्यानेही तिथल्या समूहगायनाच्या वर्गात जाऊन बसावं. स्वतः गाताना शेजारच्याचा वेगळा स्वर कसा ऐकायचा, हे तिथे फार छान शिकवतात.