वाई–पाचगणी–महाबळेश्वर–वाई, सायकलने एका दिवसात, घरातल्या सहा जणांसह: तयारी कशी करावी?

प्रश्न – कृष्णाकाठ

डिसेंबरमध्ये वाईत मुक्काम करून सकाळी पसरणी घाटाने वर जायचं आणि त्याच दिवशी परत यायचं, असा बेत आहे. एकूण ६४ किमीच्या आसपास. आम्ही चौघे चाळिशीतले, वडील ६३ वर्षांचे, मुलगी १२ वर्षांची. सगळे सपाट रस्त्यावर ५०-६० किमी सहज चालवतात, घाट मात्र पहिलाच. मोठ्यांच्या हायब्रीड सायकली आहेत (चकत्यांचे दाते पुढे ४८-३८-२८, मागे १४-३४). मुलीची २४ इंची, पुढे एकच ३६ दात्यांची चकती, मागे सात गिअरचं १४-२८ फ्रीव्हील (मागच्या दातेरी चकत्यांचा संच). मागे गाडी असेल. काय बदलावं, वेळ कशी धरावी?

उत्तर १ – सात_गिअर

मोठ्यांच्या सायकलींना हात लावू नका. पुढे २८, मागे ३४ दात्यांवर पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण १.८ मीटर जाते, म्हणजे मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी साडेसहा किमी. या घाटाला एवढं पुरे.

अडचण मुलीच्या सायकलची आहे. ३६-२८ वर तिला तेवढ्याच फेऱ्यांसाठी ताशी पावणेनऊ किमीचा वेग धरावा लागेल. घाट १२ किमीच्या आसपास, चढाई साडेपाचशे मीटरच्या वर. तो वेग तिला दोन वळणंही झेपणार नाही. मग फेऱ्या चाळिशीवर येतात आणि सगळा भार गुडघ्यावर जातो. १४-३४ चं सात गिअरचं चुडीवालं फ्रीव्हील बसवून घ्या, वेग सव्वासातवर येतो. पण आधी दोन गोष्टी तपासा. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) ३४ दाते घेतो का? काही साधे डिरेलर २८ पर्यंतच घेतात. दुसरं म्हणजे चेन सुमारे दोन इंच लांब लागेल. जुन्याच चेनवर मोठ्या दात्याचा गिअर टाकला तर ती ताणून बसते आणि डिरेलर किंवा त्याचा हँगर (फ्रेमवरचा, डिरेलर जिथे बसतो तो तुकडा) वाकतो. काम झालं की डिरेलरवरचा ‘एल’ लिहिलेला स्क्रू (चेन आऱ्यांकडे किती सरकेल ते ठरवणारा) पुन्हा लावून घ्या. तो सैल राहिला तर चेन फ्रीव्हील आणि आऱ्यांच्या मध्ये जाते, आणि हे नेमकं चढावर जोर लावताना होतं.

हे निघायच्या आदल्या दिवशी नको. किमान दोन आठवडे आधी करा आणि एखाद्या चढावर चालवून बघा.

उत्तर २ – उताराचा_ब्रेक

चढाची काळजी सगळे करतात. माझ्या मते खरा धोका परतीच्या उतारात आहे. दमलेले हात, दुपारची रहदारी आणि वळणावर समोरून येणारी एसटी.

रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर पॅड घासणारे) असतील तर पॅडवरच्या खाचा दिसल्या पाहिजेत. बुजल्या असतील तर पॅड बदला. मुलीचा ब्रेक लिव्हर हँडलजवळ आणा, त्यावर छोटा स्क्रू असतो. लहान बोटं जेमतेम पोचत असतील तर पाच किमीत बोटं आखडतात.

सतत ब्रेक दाबून उतरू नका. वळणाआधी दोन्ही ब्रेक एकत्र, ठामपणे दाबून वेग कमी करा, वळणात सोडा. सतत घासलं की रिम तापते, ट्यूबमधली हवा फुगते, जुन्या पॅचचं सोल्युशन सुटतं, आणि वजनदार माणसाची ट्यूब फुटूही शकते. म्हणून घाटासाठी पॅच नसलेल्या ट्यूब घाला. दर तीन-चार किमीवर रस्त्याच्या बाहेर थांबा. पसरणीत दत्त मंदिराजवळ थांबता येतं. डिस्क ब्रेक असेल तर डिस्कला हात लावू नका आणि पाणीही ओतू नका.

७०० × ३५ टायरला ५०-६० पीएसआय भरपूर झाले. आणि विंडचीटर बरोबर हवाच. चढताना भिजलेला शर्ट उतारावर गारठा देतो.

उत्तर ३ – पहाटेची_राईड

वार आधी ठरवा. मंगळवार ते गुरुवार उत्तम. २५ डिसेंबर ते १ जानेवारी पूर्ण टाळा, पाचगणी–महाबळेश्वर रस्त्यावर गुरेघरच्या पट्ट्यात गाड्या सरकतच नाहीत.

साडेसहाला दिवे लावून निघा. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. नऊपर्यंत पाचगणी, तिथे नाश्ता. तिथून महाबळेश्वर १९-२० किमी, चढउताराचं. साडेदहापर्यंत पाचगणी सोडता आली नाही तर पुढे जाऊच नका, टेबललँड बघून परत फिरा. हे वाईतच, आदल्या रात्री सगळ्यांसमोर ठरवा. वर पोचल्यावर कुणाला नाही म्हणवत नाही. आणि महाबळेश्वर ते पाचगणी म्हणजे नुसता उतार नव्हे, मधे चढ आहेत. दुपारी तेच जड जातात.

घाटात सहा जणांनी एकत्र चढायचा हट्ट धरू नका. ज्याने त्याने आपल्या वेगाने जावं, ठरलेल्या जागी जमावं. सर्वांत अनुभवी माणूस शेवटी, मुलीच्या मागे. गाडीने मागे रेंगाळू नये, पुढच्या थांब्यावर जाऊन उभं राहावं. नाहीतर मागची वाहनं चिडून वळणावरच ओव्हरटेक करतात.

कृष्णाकाठ

फ्रीव्हीलचं काम या आठवड्यातच करून घेतो. वडिलांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. आणि खाण्यापिण्याचं कसं?

उत्तर ४ – सात_गिअर

आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, आणि गोळी कोणती आहे तेही कळून घ्या. बीटा ब्लॉकर असेल तर नाडी वाढू देत नाही, त्यामुळे घड्याळातला आकडा बघून वेग धरणं चुकीचं ठरतं. चढताना पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर ठीक; शब्द तुटायला लागले की थांबवा. छातीत दडपण किंवा चक्कर आली तर थेट गाडीत.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच. बाटली ७५० मिलीची असेल तर अख्खं पाकीट ओतू नका. पहिल्या तासापासून दर अर्ध्या तासाला एक केळं किंवा चिक्कीचा तुकडा. भूक लागेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. महाबळेश्वरला जेवण हलकंच ठेवा.

ट्यूब दोन्ही मापांच्या घ्या, २४ इंची घाटात कुठे मिळणार नाही. पंपाचं तोंड दोन्ही मापांच्या ट्यूबच्या व्हॉल्व्हना बसतं का, हे घरीच हवा भरून बघा.