कारण न सापडलेला स्ट्रोक: बबल टेस्ट निगेटिव्ह, पुढे काय?

प्रश्न: वय ३८, एमआरआयवर एम्बोलिक इन्फार्क्ट (दुसरीकडून वाहत आलेल्या गुठळीने मेंदूचा भाग निकामी). मानेच्या रक्तवाहिन्या स्वच्छ, होल्टर (हृदयाच्या ठोक्यांची सलग नोंद) नॉर्मल. छातीवरून केलेल्या इकोत बबल टेस्ट (शिरेतून बुडबुडे देऊन ते हृदयाच्या डावीकडे जातात का ते बघणं) निगेटिव्ह. पीएफओ (हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात उरलेली फट) नाही असं धरायचं का?

प्रतिसाद १: लगेच नाही. टेस्ट कशी झाली ते आधी विचारा. ९ मिली सलाइन, १ मिली हवा, थ्री-वे तोटीला जोडलेल्या दोन सिरिंजमध्ये जोरात घुसळून तत्काळ द्यायचं. पेशंटने कुंथून धरायचं, राइट एट्रियम (उजवा वरचा कप्पा) बुडबुड्यांनी भरताच सोडायचं. डावीकडे ३ ठोक्यांच्या आत बुडबुडे आले तर पीएफओ. त्यानंतर उशिरा आले तर फुप्फुसातल्या एव्हीएमचा (धमनी-शिरेच्या थेट जोडणीचा) संशय. पेशंट गुंगीत असेल तर कुंथणं नीट होत नाही, फट उघडत नाही आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो.

प्रतिसाद २: युस्टेशियन व्हॉल्व्ह (खालच्या महाशिरेच्या तोंडाशी असलेली झडप) मोठा असेल तर खालच्या महाशिरेचं रक्त पडद्यावर आदळतं, हातातून दिलेले बुडबुडे बाजूला ढकलले जातात. संशय दाट असेल तर मांडीच्या शिरेतून द्या.

प्रतिसाद ३: लेफ्ट एट्रियल सेप्टल पाऊचही शोधा. वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याचे दोन्ही थर एका टोकाला जुळतात, दुसऱ्या टोकाला लेफ्ट एट्रियममध्ये उघडणारा खिसा उरतो. आरपार वाट नाही, म्हणून बबल टेस्टमध्ये तो सापडणारच नाही, टीईई (अन्ननलिकेतून केलेली इको) हवी. खिशात गुठळी दिसली तर प्रश्न मिटला. नुसत्या रिकाम्या खिशावर मात्र स्ट्रोकचं खापर फोडू नका, याबाबतच्या अभ्यासांत एकमत नाही. एट्रियल फिब्रिलेशनसाठी (वरच्या कप्प्यांच्या अनियमित ठोक्यांसाठी) लांब मुदतीचं मॉनिटरिंग चालूच ठेवा.