मदत हवी आहे: साबणाचं पाणी आणि फॉस्फेट वर्गात कसं दाखवू?

सातवीला साबण-डिटर्जंटचा पाण्यावर होणारा परिणाम शिकवतेय. सुरुवात झकास झाली. वाटीतल्या पाण्यावर टाचणी अलगद तरंगवली, कडेने भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब सोडला आणि टाचणी गडप! पृष्ठताण म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागलंच नाही. पाण्यावर चालणाऱ्या किड्यांचं मग काय होत असेल, हे एका मुलीनेच विचारलं.

गाडी अडलीय ती काही डिटर्जंटमध्ये असणाऱ्या फॉस्फेटपाशी. फॉस्फेट शेवाळाला खतासारखं लागू पडतं, शेवाळ माजतं, ते मेल्यावर कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मासे गुदमरतात. फळ्यावर बाण काढून झाले, तरी पोरांच्या डोक्यात 'साबण विषारी, म्हणून मासे मेले' एवढंच पक्कं बसलंय. म्हणून तळ्याचं पाणी दोन बरण्यांत भरून खिडकीत ठेवलं, एकीत चिमूटभर कपड्यांची पावडर घातली. दोन आठवड्यांनी दोन्ही सारख्याच हिरव्या. मग पाकीट वाचलं, तर पावडर फॉस्फेटविरहित! (हसू नका.)

आता पावडरीऐवजी फॉस्फेटवालं झाडांचं खत वापरलं तर चालेल ना? लिटरला किती घालू? शिवाय ऑक्सिजन संपला की मिथिलीन ब्लू या रंगद्रव्याचा निळा रंग उडतो, तो प्रयोग कुणी बरणीतल्या पाण्यावर केलाय का? किती वेळ लागतो? माझा तास जेमतेम 35 मिनिटांचा आहे.