मदत हवी आहे: मॉन्टेरेच्या थंड पाण्यात डाइव्ह करताना ऊब कशी टिकवावी?

नमस्कार मंडळी,

मी कॅलिफोर्नियात सॅन होजेला राहते. पाण्याखाली पहिल्यांदा उतरले ती तारकर्लीला. तिथं पाणी २७-२८ अंशांचं, थंडीचा विचारच मनात येत नाही. आता जवळचा समुद्र म्हणजे मॉन्टेरे, पाणी साधारण १० ते १४ अंश. पण इथलं केल्पचं (उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळाचं) जंगल, त्यातून झिरपणारं ऊन आणि बाजूने सुळकन जाणारे सील बघितल्यापासून मला दुसरीकडे कुठे जावंसंच वाटत नाही.

सध्या भाड्याचा ७ मिमी जाडीचा वेटसूट (अंगाला चिकटणारा रबरी सूट), हूड, बूट आणि ५ मिमीचे हातमोजे वापरते. ब्रेकवॉटरच्या (लाटा अडवणाऱ्या बांधाच्या) किनाऱ्यावरून उतरतो. पहिली डाइव्ह बरी जाते, पण अर्ध्या तासाने बोटं बधिर होतात. तासभर किनाऱ्यावर बसून दुसऱ्यांदा उतरलं की पहिल्या मिनिटापासून हुडहुडी, आणि हवाही भराभर संपते. खरी काळजी बोटांची आहे. इन्फ्लेटरचं (जॅकेटात हवा भरायचं) बटण नीट हाताला लागत नसेल तर वेळ आली तेव्हा मी बडीच्या, म्हणजे सोबतच्या डाइव्हरच्या, काय उपयोगी पडणार?

ड्रायसूट (पाणी आत येऊ न देणारा सूट) घ्यावा का? चांगला सूट हजार डॉलरच्या बराच वर जातो, म्हणून आधी विचारतेय. की आता हिवाळ्यात थांबून एप्रिल-मेमध्ये पाणी तापल्यावर जावं? शिवाय हात गरम ठेवायच्या रासायनिक पुड्या मिळतात, त्या हातमोज्यात चालतील का?

प्रतिसाद १

एप्रिल-मेपर्यंत अजिबात थांबू नका! इथं वसंतात वायव्येचे वारे सुटतात, किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाहेर ढकललं जातं आणि त्याच्या जागी खोलातलं गार पाणी वर येतं. त्यामुळे वर्षातलं सर्वात थंड पाणी बहुधा तेव्हाच मिळतं, वर शेवाळामुळे गढूळही. ऊब हवी तर सप्टेंबर-ऑक्टोबर. हिवाळ्यात मात्र लाटांचा अंदाज बघूनच निघा. दोन वादळांच्या मधला शांत दिवस साधला तर पाणी फार सुंदर, स्वच्छ असतं.

आता सूट. वेटसूटमध्ये पाणी शिरतंच, ते आत अडकून राहिलं तर तापतं. भाड्याचा सूट कमरेच्या खोलगट भागात किंवा गळ्याशी सैल असला की प्रत्येक हालचालीला गार पाणी आत-बाहेर करतं, मग ७ मिमी असून उपयोग काय? बायकांच्या मापाचा, अंगाला घट्ट बसणारा सूट शोधा. हूड सूटला जोडलेला असेल किंवा त्याची झालर सूटच्या आत जात असेल तर मानेतून येणारं पाणी थांबतं. मला सर्वात जास्त फरक यानेच पडला.

खोलीचंही लक्षात घ्या. निओप्रीनची, म्हणजे वेटसूटच्या रबराची, ऊब त्यातल्या हवेच्या बुडबुड्यांमुळे असते. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे जवळजवळ निम्मे होतात आणि सूट पातळ पडतो. म्हणून दुसरी डाइव्ह उथळ ठेवा. ब्रेकवॉटरच्या भिंतीलगत उथळ पाण्यातही बघण्यासारखं भरपूर आहे.

आणि तुमचा तो किनाऱ्यावरचा तास! ओल्या सूटवर वारा लागला की पाण्याची वाफ होताना अंगातली उष्णता जाते. तुमची दुसरी डाइव्ह तिथेच बिघडते असं मला वाटतं. वर आल्याबरोबर सूट कमरेपर्यंत उतरवा, अंग कोरडं करा, लोकरी टोपी आणि वारा अडवणारा लांब कोट घाला, काहीतरी गरम प्या, खा. थर्मासात कोमट पाणी न्या आणि उतरायच्या आधी हातमोज्यात आणि सूटमध्ये ओता. एवढं करूनही अंग थरथरत असेल तर दुसरी डाइव्ह सोडून द्या.

प्रतिसाद २

मी स्कॉटलंडमध्ये ड्रायसूट वापरते. दर आठवड्याला जाणार असाल तर घ्या, पण आधी कोर्स करा आणि भाड्याने घेऊन बघा. सूटमध्ये हवा असते, ती पायांकडे गेली तर माणूस उलटा होऊन वर खेचला जाऊ शकतो. ती सांभाळायला सराव लागतो. कापडी ड्रायसूट स्वतः ऊब देत नाही, ती आतल्या कपड्यांची असते. सुती काही नको, मेरिनो लोकर उत्तम. हात मात्र ओलेच राहतात, त्यासाठी मनगटाला जोडायचे कोरडे हातमोजे वेगळे घ्यावे लागतात.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. कमरेपाशी सूट सैल आहे हे खरं, वाकलं की पाठीवरून गार धार जाते. पुड्यांचं कुणी सांगाल का?

प्रतिसाद १

त्या पुड्या हवेतल्या ऑक्सिजनवर तापतात, ओल्या हातमोज्यात काम करणार नाहीत. ड्रायसूटमध्येही नकोत, विशेषतः नायट्रॉक्सने (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेने) सूट भरत असाल तर. जास्त ऑक्सिजन मिळाला की त्या भाजण्याइतक्या तापू शकतात. दोन डाइव्हच्या मध्ये कोटाच्या खिशात ठेवा. आणि वर आल्याआल्या कडकडीत पाण्याखाली उभ्या राहू नका, त्वचा एकदम तापली की शरीरातल्या नायट्रोजनचे बुडबुडे धरायचा धोका वाढतो. सूटची मापं कळवा, कुठला बसेल ते बघून सांगतो.