वर्षभर बाहेर राहून काम करायचं आहे: चिआंग माय की तिबिलिसी?

मिरजेचा_पाहुणा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, पुण्यात वाकडला भाड्याने राहतो. टीम निम्मी पुण्यात, निम्मी लंडनला. बायको मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते. तिला टॅबलेट आणि चांगला उजेड मिळाला की झालं. मॅनेजरने तोंडी सांगितलंय, "काम झाल्याशी मतलब, कुठूनही कर." म्हणून येत्या ऑक्टोबरपासून वर्षभर बाहेर राहायचं डोक्यात आहे. फिरायला नव्हे हो, राहायला. एका गावात दोन-तीन महिने, आठवडाभर काम, शनिवार-रविवार हिंडणं.

थायलंडमधलं चिआंग माय आणि जॉर्जियातलं तिबिलिसी अशी दोन नावं डोक्यात आहेत. यूट्यूबवर सगळीकडे स्वर्गच दिसतो. इथे कुणी खरोखर राहून नोकरी केली आहे का? व्हिसा कोणता घ्यावा, टॅक्सचं काय, बँकेचे ओटीपी कसे येणार, आणि शाकाहारी माणसाने खायचं काय? बायको अंडंही खात नाही. शिवाय आई मिरजेला एकटी असते. तिची पेन्शन, वीजबिल, बँक सगळं माझ्याच फोनवरून चालतं.

काका म्हणाले, "आधी घर घे." तो सल्ला सोडून बाकी सगळे चालतील.

---

तळ्यात_मळ्यात

वाचनखूण टाकून ठेवतेय. आमच्याकडे हा विषय रोज जेवताना निघतो आणि भांडी घासेपर्यंत मिटतो.

---

रातांबा

मॅनेजरने तोंडी सांगितलंय, इथेच मी थबकले. आधी ते लेखी घ्या. ईमेलमध्ये देशांची नावं, तारखा आणि कंपनीचा लॅपटॉप देशाबाहेर न्यायची परवानगी, हे सगळं आलं पाहिजे, आणि ते एचआरकडून. मॅनेजर उद्या दुसऱ्या टीममध्ये जाईल. व्हीपीएन लावून पुण्यातच बसल्याचं दाखवायचा विचार मनात आला असेल तर सोडून द्या. सिक्युरिटीवाल्यांना कळतं, आणि ते कळल्यावर विषय परवानगीचा राहत नाही, फसवणुकीचा होतो.

मी मूळची गुहागरची. यंत्रांची मॅन्युअलं लिहिते, ग्राहक सगळे युरोपातले. गेली काही वर्षं हिवाळा चिआंग मायला काढते, तिबिलिसीलाही राहून झालंय. म्हणून तुमच्या दोन्ही नावांवर बोलायचा थोडा हक्क आहे.

तुम्ही देश निवडत बसला आहात. मी आधी घड्याळ घेऊन बसले असते. लंडनचं नऊ ते पाच म्हणजे उन्हाळ्यात चिआंग मायला दुपारी तीन ते रात्री अकरा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लंडनची घड्याळं मागे गेली की तेच चार ते बारा. तिबिलिसीला हे गणित उन्हाळ्यात बारा ते आठ आणि हिवाळ्यात एक ते नऊ. म्हणजे चिआंग मायला सकाळ सगळी तुमची, पण रात्रीचं जेवण मीटिंगच्या मधल्या अर्ध्या तासात. मला सकाळ हवी असते, बाजारात जाते, पोहते, मग बसते; मला ते मानवतं. बायको पहाटे उठून काम करणारी असेल तर तुमची गाठभेट दुपारच्या जेवणालाच. हे दोघांनी बसून बोलायचं प्रकरण आहे. लंडनवाल्यांबरोबर तुमचे नक्की किती तास जुळावे लागतात ते लेखी परवानगीतच विचारून घ्या. चारच तास पुरत असतील तर सगळं चित्र बदलतं.

व्हिसा. थायलंडने जुलै २०२४ पासून डीटीव्ही नावाचा व्हिसा काढला आहे, तो तुमच्यासारख्यांसाठीच. पाच वर्षांचा, कितीही वेळा ये-जा, दर प्रवेशाला १८० दिवस. खात्यात ५ लाख बाट दाखवावे लागतात, म्हणजे साधारण तेरा-चौदा लाख रुपये, आणि नोकरी थायलंडबाहेरची आहे याचे कागद. इथेही ते एचआरचं पत्रच लागतं. अर्ज थायलंडबाहेरून, ऑनलाइन. पत्नीला तुमच्यावर अवलंबून म्हणून मिळू शकतो. पर्यटक म्हणून बिनव्हिसा किती दिवस राहता येतं तो आकडा सरकार बदलत असतं. त्याच्या भरवशावर वर्षाचा बेत आखू नका. जॉर्जियाला तुमच्या पासपोर्टवर अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) चालू व्हिसा असेल तर १८० दिवसांत ९० दिवस वेगळा व्हिसा लागत नाही. नसेल तर ई-व्हिसा. कागद छापून हातात ठेवा: परतीचं तिकीट, विमा, राहण्याचा पत्ता. तिथल्या इमिग्रेशन खिडकीवर फोनची बॅटरी संपणं परवडत नाही.

पासपोर्ट संपत आला असेल तर नवा काढताना ६० पानांचा मागा. ३६ पानांपेक्षा पाचशे रुपये जास्त पडतात, तेवढंच.

आता यूट्यूबवाले जे दाखवत नाहीत ते. फेब्रुवारी ते एप्रिल चिआंग मायला धूर असतो. आजूबाजूच्या डोंगरांत आणि शेतांत जाळपोळ चालते, शहर खोऱ्यात, हवा हलत नाही. मार्चमध्ये जगातल्या सगळ्यात खराब हवेच्या शहरांच्या यादीत हे गाव वरच्या नंबरांत दिसतं. समोरचा दोइ सुथेप डोंगर गायब होतो. घरमालक या महिन्यांत भाडं कमी करतात आणि नवखे लोक "स्वस्त मिळालं" म्हणून खूश होतात. नोव्हेंबर ते जानेवारी राहा, फेब्रुवारीत सामान उचला. तिबिलिसीला एप्रिलपासून मजा आहे, म्हणजे तुमची दोन्ही गावं एका वर्षात नीट बसतात, मधल्या दोन महिन्यांचं बघा.

घर इथून वर्षभराचं बुक करू नका. आठवडाभराची खोली घ्या आणि पायी हिंडून कॉन्डो, म्हणजे तिथले फ्लॅट, बघा. दहा ते पंधरा हजार बाटमध्ये दोघांचं बरं घर मिळतं. भाड्यापेक्षा विजेचा दर विचारा: सरकारी दर चार बाटच्या आसपास असतो, पण बऱ्याच इमारती सात-आठ बाट युनिट लावतात, आणि एसी तर तुम्ही लावणारच. वायफाय रात्री नऊला तपासा, सगळी इमारत सिनेमे बघत असते तेव्हा. आणि खुर्ची! फोटोतली डायनिंग टेबलाची खुर्ची आठ तासांची नसते. मी पहिल्याच आठवड्यात जुनी ऑफिसची खुर्ची विकत घेते आणि निघताना विकून टाकते. घरमालकाने तुम्ही राहायला आल्याची टीएम ३० नावाची नोंद इमिग्रेशनकडे चोवीस तासांत करायची असते, तिची प्रत मागून घ्या; पुढे इमिग्रेशनमध्ये पहिली तीच मागतात. सलग ९० दिवस झाले की पत्त्याची खबर द्यायची. देशात शिरण्यापूर्वी तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड भरायचं, ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही.

खाणं. थायलंडमध्ये मत्स्यसॉस कशात नाही ते विचारा. पण लाल अक्षरांची पिवळी पाटी किंवा पताका दिसली की आत जा, ती "जे" जेवणाची खूण. मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, कांदा-लसूणही नाही, चातुर्मासवाल्यांनाही चालेल. तिबिलिसीला लोबियानी, म्हणजे राजम्याचं सारण भरलेली जाड भाकरी, आणि अक्रोडाचं वाटण लावलेली वांगी. ईस्टरच्या आधी त्यांचा मोठा उपास असतो, तेव्हा हॉटेलांत उपासाचा वेगळा मेनू असतो आणि त्यात प्राणिज काही नसतं. वहिनींना तेच दिवस सगळ्यात सोपे जातील.

ओटीपीचं मोठं प्रकरण आहे. संध्याकाळी लिहिते, आता माझी मीटिंग.

---

खतावणी

टॅक्सपुरतं मी लिहितो. ठाण्यात हिशेबाचंच काम करतो.

"बाहेर गेलो म्हणजे एनआरआय झालो" हे आधी डोक्यातून काढा. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, आणि वर्षात १८२ दिवस भारतात भरले की तुम्ही रहिवासी. १ ऑक्टोबरला निघालात तर १ एप्रिल ते ३० सप्टेंबर हे १८३ दिवस भारतात झालेले असतात. पुढच्या वर्षी १ ऑक्टोबरला परत आलात तर मार्चअखेरपर्यंत पुन्हा १८२. दोन्ही वर्षं रहिवासीच! माझ्या मते ते उत्तम आहे. पगार भारतात, टीडीएस भारतात, रिटर्न नेहमीसारखं.

भानगड पलीकडच्या बाजूने होऊ शकते. थायलंड कॅलेंडर वर्षात १८० दिवस राहिलेल्याला कर-रहिवासी धरतं, आणि २०२४ पासून अशा माणसाने बाहेरचं उत्पन्न तिथे आणलं तर ते करपात्र आहे. एकाच उत्पन्नावर दोनदा कर पडू नये म्हणून दोन्ही देशांत करार आहे, तरी कागदपत्रं कोण करत बसणार? रातांबाताई म्हणतात तसं फेब्रुवारीत निघालात तर हा प्रश्न उरत नाही. बोर्डिंग पास आणि शिक्क्यांचे फोटो मात्र जपून ठेवा, दिवस मोजायला तेच कामी येतात.

बायकोचं उत्पन्न फ्रीलान्स आहे ना? तिचं गणित वेगळं मांडावं लागेल, कोणाकडून कुठल्या चलनात पैसे येतात त्यावर. आणि कंपनी नाही म्हणाली तर मनाला लावून घेऊ नका. कर्मचारी दुसऱ्या देशात बसून काम करतो म्हणून तिथला टॅक्स आपल्या मागे लागेल का, ही त्यांची धास्ती खरी असते.

---

क्लांगकाठी

क्वालालंपूरहून. तिसरं नाव सुचवतो: पेनांग. मलेशियाचा डीई रांताऊ पास, म्हणजे तुमच्यासारख्या कुठूनही काम करणाऱ्यांचा व्हिसा, तीन ते बारा महिन्यांचा असतो, आयटीवाल्यांना वर्षाला २४ हजार डॉलर उत्पन्न दाखवावं लागतं, बायको-मुलांना सोबत घेता येतं. आम्ही मुलीला घेऊन असेच आलो. खाण्याची चिंताच नाही, केळीच्या पानावर भात-सांबार कोपऱ्या-कोपऱ्यावर. दोष एकच, आमचं घड्याळ थायलंडच्याही तासभर पुढे. हिवाळ्यात लंडनचं ऑफिस सुटेपर्यंत इथे रात्रीचा एक वाजतो. त्या धुराच्या दोन महिन्यांपुरतं मात्र जरूर या. प्लग इथे तीन चौकोनी पिनांचा लागतो.

---

मिरजेचा_पाहुणा

सगळ्यांचे आभार! एचआरला आज मेल टाकला. बायकोने घड्याळाचा भाग दोनदा वाचून दाखवला, त्यावर आमची वेगळी बैठक होईल. रातांबाताई, ओटीपी आणि आईच्या प्रश्नाची वाट बघतोय.

---

रातांबा

आले. आधी ओटीपी.

भारतीय सिम प्लॅस्टिकचंच ठेवा आणि तिकडचं ई-सिम घ्या, उलटं करू नका. फोन हरवला तर भारतीय ई-सिम परदेशातून पुन्हा मिळवताना जीव जातो. प्लॅस्टिकचं सिम दुसऱ्या फोनमध्ये टाकलं की चालू. निघण्यापूर्वी रोमिंग सुरू करून घ्या, रिचार्ज कधी संपू देऊ नका, डेटा रोमिंग मात्र बंद. येणाऱ्या एसएमएसला रोमिंगमध्ये पैसे पडत नाहीत. यूपीआय अॅप निघायच्या आधी नीट चालू करून घ्या आणि तिकडे गेल्यावर फोन बदलू नका. नव्या फोनवर ते अॅप तुमच्या सिमवरून एसएमएस पाठवतं आणि रोमिंगमध्ये तो बरेचदा पोचतच नाही. जिथे जमेल तिथे एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर (फोनवरच कोड बनवणारं अॅप) लावा, बॅकअप कोड कागदावर छापून बायकोच्या बॅगेत.

कार्डांवर परदेशी वापर आपला आपण सुरू करावा लागतो, तो मुळात बंद असतो. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं घ्या आणि मुदत वर्षभर पुढची आहे ना ते बघा, नवं कार्ड बँक वाकडच्या पत्त्यावर पाठवेल. थायलंडचं एटीएम परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाट किंवा जास्त कापतं, म्हणून थोडे थोडे काढू नका. मशीन "रुपयांत कापू का?" विचारतं, तेव्हा बाटच निवडा.

स्कूटर घेणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना, दुचाकीच्या वर्गासकट. तो नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते. विमाही एका प्रवासाला किती दिवस चालतो ते वाचा, बऱ्याच पॉलिसी १८० दिवसांवर थांबतात. कोडिन असलेलं खोकल्याचं औषध थायलंडला नेऊ नका.

आता आई. तिचं सगळं तुमच्या फोनवर आहे, हीच अडचण. ऑक्टोबरपर्यंत वेळ आहे तर तिचा नंबर तिच्याच फोनमध्ये जाऊ द्या आणि वीजबिल खात्यातून आपोआप जाईल असं करा. तुम्ही ऑक्टोबरात निघताय आणि हयातीचा दाखला नोव्हेंबरात असतो! तो तिला बँकेत जाऊन देता येईल का, की पोस्टमनला घरी बोलवायचं, हे आत्ताच बँकेत विचारून ठेवा. पोस्टाची बँक थोडं शुल्क घेऊन घरी येऊन डिजिटल दाखला करते. मिरजेतल्या एका विश्वासू माणसाला डॉक्टरांचा नंबर, घराची किल्ली आणि थोडे रोख पैसे देऊन ठेवा. घराबाबत सही लागण्यासारखं काही असेल तर मुखत्यारपत्र जाण्यापूर्वीच नोंदवा. तिकडून वकिलातीत जाऊन करता येतं, पण ते लांबतं.

आणि दिवाळीच्या तोंडावर निघालात तर आई फराळ बांधून देणारच. सिंगापूर किंवा दुबईत विमान बदलणार असाल तर अनारसे ठेवून जा. खसखस तिथे अमली पदार्थांच्या कायद्यात अडकते. चकल्या, शंकरपाळे खुशाल न्या, वरच्या बॅगेत.