बीटल्सची गच्चीवरची मैफल

बीटल्स या इंग्लिश रॉक बँडचा शेवटचा कार्यक्रम १९६६ साली सॅन फ्रान्सिस्कोला झाला, असं म्हणतात. तिकीट लावून केलेला शेवटचा तोच. पण लोकांना ते शेवटचे ऐकू आले ३० जानेवारी १९६९ ला, लंडनमधल्या त्यांच्या कचेरीच्या गच्चीवरून, भर दुपारी. जेमतेम ४२ मिनिटं. माझ्या लेखी रॉकच्या इतिहासातला हा सगळ्यात जिवंत प्रसंग आहे.

थंडी इतकी की गायक-गिटारवादक जॉन लेननने प्रेयसी योकोचा फरकोट चढवलाय, ड्रमर रिंगोने बायकोचा लाल रेनकोट. माइकमध्ये वारा घोंगावू नये म्हणून त्यांवर बायकांचे पायमोजे ओढले होते! ‘डिग अ पोनी’ या गाण्याचे शब्द लेननच्या लक्षात राहात नव्हते, तर एक पोरगा त्याच्यापुढे गुडघे टेकून कागद धरून बसलाय. चित्रफितीतला तो तुकडा मी कितीदा पाहिला असेन. चौघांमध्ये तोवर किती बिनसलं होतं, तरी वाजवताना एकमेकांकडे बघून हसतायत, साथीला आलेल्या बिली प्रेस्टनची बोटं इलेक्ट्रिक पियानोवर नुसती खेळतायत.

शेवटी पोलीस वर आले. अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र) बंद केला गेला, तर गिटारवादक जॉर्जने तो सरळ पुन्हा चालू केला, आणि ‘गेट बॅक’ हे गाणं पूर्ण वाजवूनच ते थांबले.