मदत हवी आहे: एंडोमेट्रिओसिस आणि मिस्टरांच्या सतत बदल्या

नमस्कार मैत्रिणींनो, माझे मिस्टर आर्मीत आहेत, सध्या ते फील्ड पोस्टिंगला (जिथे फॅमिली नेता येत नाही) आणि मी मुलीला घेऊन साताऱ्याला सासरी. मला एंडोमेट्रिओसिस आहे (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो, पाळीत खूप दुखतं), डाव्या ओव्हरीत ४ सेंमीची चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, पण हे कळायलाच ६ वर्षं गेली कारण प्रत्येक स्टेशनला नवीन डॉक्टर, परत पहिल्यापासून सगळं सांगायचं आणि शेवटी हातात पेनकिलरची पट्टी. एका ठिकाणी तर दुसरं मूल होऊ द्या म्हणजे थांबेल असं म्हणाले, घरी येऊन खूप रडले. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे हा आजार नाहीच असं नसतं, हे मला फार उशिरा समजलं, कुणाला पाळीत उभं राहवत नसेल तर प्लीज तेवढ्यावर थांबू नका.

आता डायनोजेस्ट (हार्मोनची गोळी) २ मिग्रॅ रोज चालूये, ब्लीडिंग थांबलं पण दुखणं नाही, परवा पोळ्या लाटता लाटता ओट्याला धरून खालीच बसले, तवा तसाच गॅसवर. डॉक्टर लॅप्रोस्कोपी (दुर्बिणीतून ऑपरेशन) करावी लागेल म्हणतायत.

तर विचारायचं होतं की एमएचमधून (मिलिटरी हॉस्पिटल) पुण्याच्या कमांड हॉस्पिटलला रेफरल घ्यायला नेमकं काय काय लागतं? डिपेंडंट कार्ड आहे, पण ह्यांची सही लागली तर काय करायचं, तिकडे आठ-आठ दिवस फोन लागत नाही. आणि ऑपरेशननंतर लगेच बदली आली तर फॉलोअपचं तुम्ही कसं जमवलंत? सगळे रिपोर्ट आणि एमआरआयची सीडी जपून ठेवलीये, अजून कुठला कागद आत्ताच घेऊन ठेवू?